लोखंडी नांगर, वसतिगृह आणि सत्यशोधक

पुण्याहून मिरजेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर सातारा रोड, रहिमतपूर, कऱ्हाड, किर्लोस्करवाडी आणि मिरज ही स्टेशने आहेत. नकाशावर हे पाच ठिपके जोडले, तर आधुनिक महाराष्ट्राच्या इतिहासातील एक महत्त्वाचे प्रकरण त्या रेषेच्या आसपास घडलेले दिसते. सातारा रोडजवळ पाडळीला कूपर यांचा नांगराचा कारखाना होता. औंध संस्थानच्या राजधानीला रेल्वेने जायचे तर रहिमतपूरला उतरावे लागे. कऱ्हाडजवळ काले या गावी रयत शिक्षण संस्थेचा जन्म झाला. किर्लोस्करवाडीला लोखंडी नांगर तयार होत. मिरजेपासून जवळच, वारणेकाठच्या दुधगावात भाऊराव पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिले वसतिगृह चालवून पाहिले.

नांगर, शाळा आणि समाजसुधारकांची मंडळी या तीन गोष्टी आपण तीन वेगळ्या पुस्तकांत वाचतो. नांगर उद्योगाच्या इतिहासात येतो, वसतिगृह शिक्षणाच्या इतिहासात आणि सत्यशोधक समाज सामाजिक चळवळींच्या इतिहासात. पण विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत सातारा जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या कानावर या तिन्ही गोष्टी एकाच वेळी, बहुधा एकाच पारावर आणि कधी कधी एकाच माणसाच्या तोंडून पडत होत्या. (आजचा सांगली जिल्हा तेव्हा वेगळा नव्हता. त्याचा बराचसा भाग सातारा जिल्ह्यात आणि उरलेला संस्थानांत होता.) नवे तंत्र, नवे शिक्षण आणि नवा बंधुभाव यांचा एकमेकांशी काय संबंध असतो, हे पाहण्यासाठी या प्रकरणाइतके चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

‘लोखंडाने जमीन नासते’

लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९-१९५६) हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. नोकरी सोडून ते बेळगावला आले. तेथे त्यांचे सायकलींचे दुकान होते. त्यातून पुढे कडबा कापण्याचे यंत्र आणि मग लोखंडी नांगर तयार झाला. नांगर तयार झाला, पण तो कोणी घेईना. पहिले नांगर विकले जायला सुमारे दोन वर्षे लागली. किर्लोस्करांच्या चरित्रांत याचे एक कारण नेहमी सांगितले जाते: लोखंडाचा नांगर जमिनीला विषारी ठरेल, जमीन नापीक होईल, अशी शेतकऱ्यांची समजूत होती.

ही समजूत केवळ आपल्याकडची नव्हती. अमेरिकेत चार्ल्स न्यूबोल्ड याने १७९७ मध्ये ओतीव लोखंडाच्या नांगराचे पेटंट घेतले, तेव्हा तिकडच्या शेतकऱ्यांनीही असेच म्हटले होते. लोखंडामुळे जमीन नासते आणि तण माजते, असा त्यांचा समज होता. दोन खंडांतले, एकमेकांची भाषाही न कळणारे शेतकरी शंभर वर्षांच्या अंतराने एकच शंका काढतात, तेव्हा ‘अडाणीपणा’ एवढे एकच उत्तर देऊन चालणार नाही. शंकेची नीट फोड केली पाहिजे.

आधी शंकेतला विज्ञानाचा भाग पाहू. एक एकर जमीन घ्या. एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. वरचा अर्धा फूट, म्हणजे सुमारे १५ सेंटिमीटर मातीचा थर धरला, तर त्याचे आकारमान सुमारे ६०० घनमीटर होते. एक घनमीटर माती सुमारे १.३ टन भरते, असे धरले तर या थराचे वजन जवळजवळ ८०० टन होते. आपली काळी जमीन बेसाल्टच्या खडकापासून झालेली आहे आणि बेसाल्टमध्ये लोहाची संयुगे भरपूर असतात. मातीत वजनाने शंभरात पाच भाग लोह आहे असे हिशेबापुरते धरू. म्हणजे एका एकराच्या नांगरटीच्या थरात ४० टन, अर्थात ४०,००० किलो लोह आधीच आहे. आता नांगराचा फाळ एका हंगामात एक किलो झिजला आणि ते सगळे लोखंड त्याच एकरात पडले असे मानले, तरी मूळच्या लोहात चाळीस हजारांत एक भाग एवढीच भर पडली. जमीन या भरीने नासणे शक्य नाही.

याच्या उलट, आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत उसावर जो ‘केवडा’ पडतो, पाने पिवळी-पांढरी होतात, तो पिकाला लोह कमी मिळाल्यामुळे पडतो. मातीत लोह टनांनी असते. पण चुनखडीमुळे ते पिकाच्या मुळांना घेता येईल अशा रूपात राहत नाही. म्हणून शेतकरी उसावर हिराकशीची, म्हणजे फेरस सल्फेटची, फवारणी करतात. विषाची भीती ज्या पदार्थाची, त्याच पदार्थाची त्या जमिनीत पिकाला टंचाई असते. वर्गात रसायनशास्त्र शिकवताना हे उदाहरण जरूर घ्यावे. ‘किती आहे’ आणि ‘किती उपलब्ध आहे’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे त्यातून नीट कळते.

शंकेच्या आत दडलेली शंका

पण येथे थांबलो तर अर्धेच उत्तर मिळते. आपला पारंपरिक नांगर ज्याला आपण ‘लाकडी’ म्हणतो, तो पूर्ण लाकडी नव्हताच. खोड, हाळीस आणि रुमणे लाकडाचे असे. पण जमिनीत शिरणारा फाळ लोखंडाचाच होता. शेकडो वर्षे जमिनीत लोखंडाचा फाळ फिरत होता आणि त्याने जमीन नासली असे कोणी म्हटले नव्हते. मग नव्या नांगराच्याच लोखंडात विष कोठून आले?

याचे उत्तर लोखंडाच्या प्रकारात आणि त्या लोखंडाभोवतीच्या व्यवहारात आहे. जुना फाळ घडीव लोखंडाचा असे. तो झिजला की गावचा लोहार भात्यावर तापवून, ठोकून, पाजवून देई. खोड मोडले तर सुतार बाभळीच्या लाकडाचे नवे घडवी. या कामाचे पैसे रोख द्यावे लागत नसत. सुगीत बलुते दिले की भागे. नव्या नांगराचे भाग ओतीव लोखंडाचे, म्हणजे बिडाचे होते. बीड कठीण असते, झीज चांगली सोसते, पण ठिसूळ असते. ते तापवून ठोकता येत नाही, ठोकले तर तडकते. दगडावर आपटून फाळ मोडला तर गावचा लोहार काही करू शकत नाही. नवा फाळ कारखान्यातून आणावा लागतो, आणि तोही रोख पैसे मोजून.

बिडाच्या फाळाचा हा ठिसूळपणा कमी त्रासदायक व्हावा म्हणून एक सुंदर युक्ती इंग्लंडात निघाली होती. रॉबर्ट रॅन्सम याने १८०३ मध्ये तिचे पेटंट घेतले. फाळ ओतताना साच्याची खालची बाजू लोखंडाची ठेवायची आणि वरची बाजू वाळूची. लोखंडाला टेकलेले बीड झटकन थंड होते. त्यातला कार्बन वेगळा व्हायला वेळच मिळत नाही आणि अतिशय कठीण असे ‘पांढरे बीड’ तयार होते. वाळूकडची बाजू सावकाश थंड होते, तिथला कार्बन ग्रॅफाइटच्या रूपात वेगळा होतो आणि मऊ ‘करडे बीड’ मिळते. असा फाळ जमिनीत चालला की वरची मऊ बाजू लवकर झिजते आणि खालची कठीण बाजू धारेसारखी पुढे राहते. चालता चालता फाळ स्वतःलाच धार लावतो. उंदराचे दात याच तत्त्वावर धारदार राहतात: पुढची बाजू कठीण, मागची मऊ.

या युक्तीचे कौतुक करतानाच एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. आपोआप धार लागणाऱ्या फाळाला लोहार लागत नाही. यंत्राचा हा गुण शेतकऱ्याच्या दृष्टीने सोय होता. पण लोहाराच्या दृष्टीने काय होता? गावातले एक माणूस, ज्याच्याशी पिढ्यान्‌पिढ्या देणेघेणे होते, ते त्या नांगरापुरते बाजूला पडले आणि त्याच्या जागी दूरचा कारखाना आला.

शिवाय इतरही प्रश्न होते. लाकडी नांगर जमीन नुसती फाडतो. लोखंडी नांगराची वळणदार पाटी मातीचा थर उचलून उलथवते. त्यामुळे हरळी आणि कुंदा यांसारख्या चिवट तणांच्या मुळ्या वर येऊन उन्हात वाळतात. भारी काळ्या जमिनीत हा मोठाच फायदा होता. पण माळाच्या हलक्या, उथळ जमिनीत खोल नांगरट केली तर खालचा मुरूम वर येतो आणि ओल उडून जाते. हेरॉल्ड मान या शेतीशास्त्रज्ञाने पुण्याच्या कृषी महाविद्यालयात असताना पुणे जिल्ह्यातल्या एका खेड्याचा तपशीलवार अभ्यास केला आणि १९१७ मध्ये तो प्रसिद्ध केला. जमिनीचे तुकडे पडत चालले आहेत आणि शेतकरी कर्जात बुडाला आहे, हे त्या पाहणीतून ठळकपणे पुढे आले. तुकड्यातुकड्यांत विखुरलेल्या जमिनीसाठी आधीच कर्ज असलेल्या माणसाने रोख पैसे देऊन अवजार घ्यावे काय, हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. तो जोखमीचा प्रश्न आहे.

तेव्हा ‘लोखंडाने जमीन नासते’ या वाक्याचा एक अर्थ रासायनिक होता आणि तो चूक होता. दुसरा अर्थ सामाजिक होता: ‘या नव्या वस्तूने आमची घडी विसकटेल, आणि विसकटली तर निस्तरायला कोण येणार?’ हा अर्थ चूक नव्हता. पारावर बसलेल्या माणसाला कर्ज, बलुते आणि भरवसा यांविषयीची आपली धास्ती एका वाक्यात सांगायची असते, तेव्हा तो असे वाक्य बोलतो.

विक्रेता मास्तर

या दुसऱ्या शंकेला प्रयोगशाळेत उत्तर नव्हते. ते उत्तर माणसांतूनच यावे लागणार होते.

१९१० मध्ये औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी किर्लोस्करांना कुंडल रोड स्टेशनजवळ माळरानावरची जमीन आणि भांडवलासाठी कर्ज दिले. लक्ष्मणराव त्याआधी औंधला बांधकामाच्या कामानिमित्त आले होते. त्या ओळखीतून हे घडले. निवडुंग आणि साप यांनी भरलेल्या त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. लक्ष्मणरावांनी शिक्षा भोगून सुटलेल्या माणसांवरही विश्वास टाकून त्यांना कामावर घेतले होते. तेथे तयार झालेला नांगर खपवायचा, तर गावोगाव हिंडणारी, शेतकऱ्यांच्या भाषेत बोलणारी माणसे हवी होती. १९१४ च्या सुमारास असा एक माणूस किर्लोस्करांना मिळाला. त्याचे नाव भाऊराव पायगोंडा पाटील.

भाऊराव (१८८७-१९५९) यांचा जन्म कुंभोजचा, घराणे ऐतवडे बुद्रुकचे, धर्माने जैन. कोल्हापूरला राजाराम हायस्कूलमध्ये शिकताना ते जैन बोर्डिंगात राहत. कोल्हापुरात १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्या समारंभाला जाऊन आल्यावर स्नान करून शुद्ध होण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यापायी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. त्यांचे शालेय शिक्षण अपुरेच राहिले. पुढे साताऱ्यात शिकवण्या करून ते पोट भरू लागले आणि लोक त्यांना ‘मास्तर’ म्हणू लागले. १९१० च्या सुमारास सहकाऱ्यांबरोबर त्यांनी दुधगावला विद्यार्थी आश्रम काढला. त्यात निरनिराळ्या जातिधर्मांची मुले एकत्र राहत. गावातल्या घरांनी मूठभर धान्य द्यायचे आणि त्यावर मुलांचे जेवण चालवायचे, अशी मुष्टिफंडाची पद्धत तेथे सुरू झाली.

हा मास्तर आता नांगर विकू लागला. नांगर विकण्याचे काम म्हणजे शेतात उतरून चालवून दाखवणे, शंका ऐकणे, वाद घालणे, मुक्काम करणे आणि पुन्हा वाद घालणे. या फिरतीत भाऊरावांनी जिल्हा पायाखाली घातला. नांगर का खपत नाही, याची कारणे शोधता शोधता त्यांना दुसरेच काही दिसले. शेतकऱ्याला हिशेब येत नाही, कागद वाचता येत नाही, म्हणून तो सावकारावर, कुलकर्ण्यावर आणि आता कारखान्यावरही अवलंबून आहे. कोणाच्या तरी शब्दावर विश्वास ठेवण्यावाचून त्याला मार्ग नाही. तो अविश्वास दाखवतो, कारण स्वतः पडताळून पाहण्याचे साधन त्याच्याजवळ नाही. ते साधन म्हणजे शाळा.

शपथ घेणारी मंडळी

ही शाळा काढायची कोणी आणि कोणाच्या भरवशावर? येथे तिसरा धागा येतो.

एकत्र जमून नव्या विचारांची चर्चा करणाऱ्या मंडळ्या जगात अनेक झाल्या. अठराव्या शतकात इंग्लंडातल्या बर्मिंगहॅम येथे ‘ल्यूनर सोसायटी’ होती. वाफेच्या यंत्राचे जेम्स वॅट, कारखानदार मॅथ्यू बोल्टन, रसायनशास्त्रज्ञ जोसेफ प्रीस्टली आणि वैद्य इरॅस्मस डार्विन हे तिचे सभासद. रात्री घरी परतताना उजेड असावा म्हणून ते पौर्णिमेच्या आसपास जमत, त्यावरून हे नाव पडले. आपल्याकडे मुंबईत १८४९ मध्ये दादोबा पांडुरंग आदी मंडळींनी परमहंस सभा काढली. जातिभेद मोडणे हे तिचे ध्येय होते. पण तिचा कारभार गुप्त होता. १८६० च्या सुमारास सभासदांच्या नावांचे दप्तर चोरीला गेले आणि आपली नावे फुटतील या धास्तीने सभा मोडली. जी गोष्ट अंधारात खरी मानायची आणि उजेडात नाकारायची, ती फार दिवस टिकत नाही.

सत्यशोधक समाजाने वेगळा मार्ग घेतला. २४ सप्टेंबर १८७३ रोजी जोतीराव फुले यांनी पुण्यात त्याची स्थापना केली. समाजात येणारा माणूस शपथ घेई; पण ती उघड असे. निर्मिक आणि माणूस यांच्यामध्ये मध्यस्थ नको, ही मुख्य गोष्ट. सभासद एकमेकांकडे लग्नकार्याला उभे राहत, पुरोहितावाचून विधी करीत. सभांमधून शिक्षण, लग्नातला खर्च, दारूबंदी अशा रोजच्या विषयांवर बोलणे होई. स्त्रियांचे स्थान या मंडळीत बरोबरीचे होते असे म्हणता येणार नाही. पण १८९३ मध्ये सासवडला भरलेल्या समाजाच्या परिषदेच्या अध्यक्ष सावित्रीबाई फुले होत्या, हेही विसरता कामा नये.

शेती आणि तंत्र हे या विचारधारेला परके विषय नव्हते. १८८३ मध्ये लिहून झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात फुल्यांनी तलाव आणि बंधारे बांधण्याविषयी, जमिनीची धूप थांबवण्याविषयी लिहिले. शेतकऱ्यांच्या मुलांना सुतारकाम आणि लोहारकाम शिकवावे, पिकांची आणि औत हाकण्याची परीक्षा घेऊन चांगल्या शेतकऱ्यांना बक्षिसे द्यावीत, असे त्यांनी सुचवले. औत हाकण्याची परीक्षा! शाळेत होते तीच परीक्षा, असे मानणाऱ्या आपल्या समाजात ही सूचना आजही नवीच वाटेल.

फुल्यांच्या पश्चात मंद झालेले हे काम १९१० नंतर पुन्हा जोमाने सुरू झाले. नगर जिल्ह्यातल्या तरवडी या खेड्यातून मुकुंदराव पाटील ‘दीनमित्र’ हे पत्र चालवीत. गावोगाव जलसे होत, परिषदा भरत. अशीच एक परिषद कऱ्हाड तालुक्यातल्या काले या गावी भरली आणि ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीच्या दिवशी, रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. नांगर विकता विकता ओळखीची झालेली गावे, त्या गावांतली सत्यशोधक विचारांची माणसे आणि दुधगावच्या मुष्टिफंडाचा अनुभव, या तिन्हींची पुंजी तिच्यामागे होती.

भरवसा कसा कमावला जातो

यापुढचा इतिहास शिक्षकांना ठाऊक आहे. १९२४ मध्ये संस्था साताऱ्याला आली. तेथे सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू झाले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहांना आश्रय दिला, ती बहुतेक जातवार होती. त्या काळाच्या दृष्टीने ते मोठेच पाऊल होते. साताऱ्याने त्यापुढचे पाऊल टाकले. १९२७ मध्ये महात्मा गांधींनी या वसतिगृहाला भेट दिली आणि त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस’ असे नामकरण त्यांच्या हस्ते झाले. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई मुलांना रांधून घालीत. अडचणीच्या वेळी त्यांनी आपले दागिने वसतिगृहासाठी दिले. १९३० मध्ये त्या वारल्या.

१९३५ मध्ये संस्थेने प्राथमिक शिक्षकांचे ट्रेनिंग कॉलेज काढले. पुढे देऊळ, चावडी, धर्मशाळा अशा मिळेल त्या जागेत व्हॉलंटरी शाळा उघडल्या. त्यांची संख्या पाचशेच्या वर गेली. १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले. मुलांनी शेतात, बांधकामावर काम करायचे आणि त्यावर शिकायचे, ही ‘कमवा आणि शिका’ योजना तेथे रुजली. १९४७ मध्ये साताऱ्यात आणि १९५४ मध्ये कऱ्हाडला महाविद्यालय निघाले.

या सगळ्यात एक समान सूत्र दिसते. दूरच्या माणसाने दिलेल्या आश्वासनावर गाव विश्वास ठेवत नाही. ते स्वतः ज्यात मूठभर का होईना घालते, त्यावर विश्वास ठेवते. मूठभर धान्य देणाऱ्या बाईला वसतिगृहात काय चालते हे विचारण्याचा अधिकार मिळतो. शेतात उतरून नांगर चालवणाऱ्या विक्रेत्याला बैल दमले तर उत्तर द्यावे लागते. उघड शपथ घेणाऱ्या सभासदाला गावाच्या तोंडावर आपले वागणे सिद्ध करावे लागते. तिन्ही ठिकाणी बोलणाऱ्याला थोडी झळ सोसावी लागली, म्हणून त्याचे बोलणे ऐकले गेले.

उजवे-डावे दोन्ही

इतिहास सांगताना त्याच्या कडा घासून गुळगुळीत करू नयेत. या प्रकरणात संघर्षही पुष्कळ होते.

किर्लोस्कर ब्राह्मण कुटुंबातले आणि भाऊराव ब्राह्मणेतर चळवळीतले. एका बाजूला नांगराच्या निमित्ताने अशी माणसे एकत्र काम करीत होती, त्याच सुमारास, १९२० च्या आसपास, जिल्ह्यात ब्राह्मण-ब्राह्मणेतर वाद विकोपाला जात होता आणि काही गावांत कुळे व जमीनमालक यांच्यात कडवट तंटे झाले. सर्वच वाद विचारांचे नव्हते. काही नुसत्या वैराचे होते. भाऊराव पुढे किर्लोस्करांकडून धनजीशा कूपर यांच्या कारखान्याकडे गेले. कूपर ब्राह्मणेतर पक्षाचे पुढारी होते आणि १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधानही झाले. पण शिक्षणकार्याला कारखान्याकडून मिळावयाच्या मदतीवरून दोघांत बेबनाव झाला आणि भाऊराव बाहेर पडले. कारखान्याच्या नफ्यावर शाळा चालवण्याचा तो मार्ग बंद झाला.

सत्यशोधक समाजाचेही तेच. १९३० नंतर त्यातले अनेक कार्यकर्ते काँग्रेसमध्ये गेले. राजकारणाचे बळ वाढले तसे पारावरचे जलसे, शपथा, पुरोहिताविना लग्ने मागे पडली. जातिभेद नाकारणाऱ्या मंडळीतून आलेल्या काहींनी पुढे आपापल्या जातीचे गट बांधले, हेही खरे आहे. बंधुभावाची मंडळी ही दुधारी गोष्ट असते. ती आतल्या माणसांना जवळ आणते, आणि ‘आतले कोण’ हे ठरवता ठरवता बाहेरच्यांसाठी दारही लावून घेते. दुधगावच्या आणि साताऱ्याच्या वसतिगृहांनी एका पंगतीत जेवणाचा नियम ठेवला, तो या दृष्टीने फार मोलाचा होता. भाषणातला बंधुभाव माणूस सहज मान्य करतो. रोज दोन वेळा ताटाशी बसताना मात्र त्याला तो पाळावा लागतो.

लोखंडी नांगराचे पुढे काय झाले? तो जिंकला. भारी जमिनीत तर त्याने पाहता पाहता जागा घेतली. मग विहिरींवर इंजिने आली, मोट गेली. ट्रॅक्टर आले, बैलही कमी झाले. प्रत्येक वेळी पारावर तोच वाद नव्या शब्दांत झाला. आज ठिबक सिंचन, संकरित बियाणे, फवारणीची ड्रोन-यंत्रे किंवा मुलांच्या हातातला मोबाइल यांविषयी गावात जे बोलले जाते, त्यातही ‘जमीन नासते’ या वाक्याची भावंडे ऐकू येतात. विज्ञान शिकवणाऱ्याची येथे एक सवय आड येते. शंकेतला रासायनिक भाग चूक आहे हे दाखवून दिले की आपले काम झाले, असे आपण समजतो. ते अर्धेच काम असते. मोडले तर दुरुस्त कोण करणार, पैसे बुडाले तर कोणाचे, ज्याचे काम जाईल त्याने काय करायचे, हे प्रश्न त्यानंतरही उरतात आणि त्यांची उत्तरे पाठ्यपुस्तकात नसतात.

वर्गात करता येण्याजोगे

रहिमतपूरसारख्या गावातल्या शाळेत या विषयावर एक छोटा प्रकल्प सहज घेता येईल. आठवी-नववीच्या मुलांनी आधी वर दिलेला एकराचा हिशेब स्वतः करावा. शेतातल्या मातीचा एक डबा भरून, वाळवून, वजन करून एक घनमीटर माती किती भरेल हे स्वतः काढावे. पुस्तकातला १.३ हा आकडा आपल्या मातीला लागू पडतो की नाही ते पाहावे. मग गावातल्या वृद्ध शेतकऱ्यांना, सुतारांना, लोहारांना भेटून जुन्या नांगराच्या भागांची नावे, तो कोण दुरुस्त करी, मोबदला काय मिळे आणि लोखंडी नांगर घरात आला तेव्हा काय बोलणे झाले, हे लिहून आणावे. लोहाराकडे जाणे टाळू नये. नव्या यंत्राचा इतिहास बहुधा ते बनवणाऱ्यांकडून आणि वापरणाऱ्यांकडून ऐकला जातो; ज्याचे काम त्याने काढून घेतले त्याला कोणी विचारत नाही.

शेवटी वर्गात दोन गट करून वाद घडवून आणावा: १९१२ साली तुमच्याजवळ चार एकर जमीन, दोन बैल आणि सावकाराचे कर्ज आहे; किर्लोस्करांचा विक्रेता दारात आला आहे. नांगर घ्यावा की नाही? अट एकच. ‘घेऊ नये’ म्हणणाऱ्या गटाला कोणी अडाणी म्हणायचे नाही, आणि ‘घ्यावा’ म्हणणाऱ्या गटाने फाळ मोडल्यावर काय करायचे ते सांगितल्याशिवाय खाली बसायचे नाही.